इंटरनेट आणि मुलांची राखण

श्रोतेहो, तालुक्याच्या गावी सिनेमाच्या थिएटरबाहेर उभा असणारा डोअरकीपर तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. खाकी सदरा, हातात बॅटरी आणि तोंडात विडा. 1952 साली आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायदा झाला, आणि त्यात चित्रपटांसाठी 'यू' आणि 'ए' अशी प्रमाणपत्रे होती. 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. आता हे अक्षर पोस्टरवर छापले म्हणून काही कोणी पोर आपणहून माघारी जात नव्हते. त्याला माघारी पाठवीत असे तो दारातला माणूस. मिसरूड न फुटलेला पोरगा रांगेत दिसला की तो बखोटीला धरून विचारी, "काय रे, कोणाचा तू?" कायदा दिल्लीत झाला होता, पण त्याची अंमलबजावणी या एका प्रश्नावर चाले.

आज मी जी हकीकत सांगणार आहे ती या प्रश्नाचीच आहे. इंटरनेट आपल्या देशात येऊन तीस वर्षे उलटली. या तीस वर्षांत मुलांची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिला, आणि शेवटी तो आपल्या घराच्या उंबरठ्यावर येऊन बसला.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्यापूर्वी ती सोय विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांच्यापुरती होती. आरंभी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा मोठ्या शहरांतच ही सेवा मिळे. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी व्हावयाची, ती होताना यंत्रातून चिरचिर आवाज निघावयाचा, आणि एक छायाचित्र पडद्यावर उतरेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हावयाचा. घरात संगणक असणे ही श्रीमंतीची गोष्ट होती. त्यामुळे या नव्या वस्तूपासून मुलांना जपावे लागेल, हा विचार तेव्हा फारसा कोणाच्या मनात आला नाही.

अमेरिकेत मात्र तो आला होता. तिथे 1996 च्या फेब्रुवारीत असा कायदा झाला की, अल्पवयीन मुलांच्या नजरेस पडेल असा असभ्य मजकूर इंटरनेटवर टाकणे हा गुन्हा समजावा. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी, 26 जून 1997 रोजी, त्यातला हा भाग रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलांना जपण्याच्या नावाखाली मोठ्या माणसांच्या बोलण्यालिहिण्यावरही गदा येते. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. मग 1998 साली दुसऱ्या वाटेने एक कायदा आला आणि एप्रिल 2000 पासून तो लागू झाला. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती गोळा करावयाची असेल तर कंपनीने आधी आईबापांची परवानगी घ्यावी, असे त्यात होते. या कायद्यामागचे प्रमुख लोकप्रतिनिधी एड मार्की यांच्या मनात मर्यादा सोळा वर्षांची होती. तडजोडीत ती तेरावर आली.

शिक्षकबंधूंनी हा तेराचा आकडा ध्यानात ठेवावा. आज आपल्या गावातला सातवीतला मुलगा खाते उघडताना खोटी जन्मतारीख टाकतो, ती याच आकड्यापायी. कंपन्यांना परवानगी मिळवण्याची यातायात नको होती. त्यांनी सरळ नियम केला की, तेराच्या आतल्यांना प्रवेश नाही. मुलांनी सरळ उत्तर शोधले की, आपण तेराच्या पुढचे आहोत. 2011 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी पालकांची पाहणी केली, तेव्हा निघाले असे की, पुष्कळ आईबापांना हे खोटे ठाऊक होते आणि कित्येकांनी तर मुलाला खाते उघडायला स्वतः मदत केली होती. आपल्याकडेही काही वेगळे आहे असे समजू नका. दारावरच्या माणसाने "कोणाचा तू?" असे विचारावयाचे, तर इथे बापच पोराचा हात धरून मागच्या दाराने आत सोडतो!

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. सन 2000 च्या सुमारास गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. तासाला अमुक रुपये द्या आणि संगणकापुढे बसा. या दुकानांतून लाकडी फळ्यांचे छोटे छोटे खण पाडलेले असत. आत कोण काय बघतो हे बाहेरून दिसावयाचे नाही. शाळेच्या गणवेशातली मुले दप्तरासकट तिथे जाऊन बसू लागली. हा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि 2001 च्या सप्टेंबरात न्यायालयाने एक समिती नेमली. अश्लील मजकुरापासून अल्पवयीन मुलांचे रक्षण कसे करावे, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता. 2002 च्या आरंभी समितीचा अहवाल आला. मुलांना बंद खणात बसू देऊ नये, त्यांना सर्वांना दिसेल अशा मोकळ्या जागेतल्या संगणकावर बसवावे, त्या संगणकांवर चाळणी लावावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. मला ही शिफारस फार शहाणपणाची वाटते. तिच्यात अवघड यंत्रविद्या काही नाही. चार माणसांच्या देखत बसावे, एवढेच तिचे सार.

पुढे 2011 साली केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम केले, त्यांतही हेच सूत्र आहे. खणाची भिंत जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नसावी, उघड्यावरच्या संगणकाचे पडदे सर्वांना दिसतील असे बाहेरच्या बाजूस वळवलेले असावेत, आणि आईबाप किंवा पालक बरोबर असल्यावाचून अल्पवयीन मुलाला खणात बसू देऊ नये, असे त्यात लिहिले आहे. साडेचार फूट म्हणजे उभ्या माणसाला वरून डोकावता येईल इतकी उंची. ज्या कोणी हे माप ठरवले त्याने दुकानाची पाहणी नीट केली असावी.

पण श्रोतेहो, हे माप ठरले तोवर ती भिंतच जायला निघाली होती. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली. पहिले काही महिने ती फुकट होती, आणि तिच्यापाठोपाठ इतर कंपन्यांनाही दर पाडावे लागले. जे पाहण्यासाठी तालुक्याला जाऊन तासाचे पैसे मोजावे लागत ते शेताच्या बांधावर मिळू लागले. सायबर कॅफे एकामागून एक बंद पडले किंवा झेरॉक्सची आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याची दुकाने झाले. खण मात्र बंद पडला नाही. तो लहान होऊन खिशात आला. गोधडीच्या आत मोबाईल धरून बसलेल्या मुलाभोवती जी भिंत असते तिची उंची कोणत्या नियमाने मोजावी?

त्यानंतरच्या दोन वर्षांत दोन गोष्टी घडल्या. त्या नीट सांगायला हव्यात, कारण आईबापांची भीती कशी वाट चुकते हे त्यांतून दिसते.

पहिली 2017 ची. 'ब्लू व्हेल' नावाचा एक खेळ मोबाईलवर आला आहे आणि तो खेळता खेळता मुले जीव देतात, अशी बातमी देशभर पसरली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांना या खेळाचे दुवे काढून टाकायला सांगितले. शाळाशाळांतून पालकांच्या सभा झाल्या. मग तपासासाठी समिती बसली. तिने ज्या मृत्यूंशी या खेळाचे नाव जोडले गेले होते त्यांतल्या मुलांचे मोबाईल, फोनच्या नोंदी, इंटरनेटचा वापर हे सारे तपासले. 2018 च्या जानेवारीत गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत निष्कर्ष सांगितला. यांपैकी एकाही घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध झाला नव्हता. म्हणजे ज्या घरांतून मुले गेली त्या घरांतले दुःख खरे होते, पण आपण सारे बोट दाखवीत होतो भलतीकडे. मूल गप्प गप्प राहते, जेवत नाही, झोपत नाही, हे पाहावयाचे सोडून आम्ही त्याच्या मोबाईलमध्ये देवमासा शोधत बसलो.

दुसरी गोष्ट याहून काळी आहे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश आणि चित्रफिती 2018 मध्ये व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. त्यांतली देशभर गाजलेली एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातल्या कराची शहरात तयार झाली होती. मुलांची काळजी घ्या, असे पालकांना सांगणारी ती जाहिरात होती. कोणीतरी तिचा शेवटचा खुलासा कापून टाकला, आणि उरले ते केवळ मूल उचलून नेण्याचे दृश्य. अशा अफवांच्या दिवसांत 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

ही हकीकत मुलांच्या रक्षणाच्या विषयात का आणली, असे कोणी विचारील. आणली ती यासाठी की, ते लोक मारले गेले ते मुलांच्या काळजीच्या नावाने. ज्यांनी तो संदेश पुढे ढकलला ते बहुतेक सज्जन आईबापच असणार. आपल्या लेकराला इंटरनेटवर कोणी फसवू नये असे ज्याला वाटते त्याने आधी स्वतःला आलेला संदेश कोठून आला हे पाहिले पाहिजे. मुले आपले ऐकत नसतील, पण आपण काय करतो ते बरोबर बघतात.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. आजवर जे शिक्षक "मोबाईलला हात लावू नका" म्हणत होते त्यांनाच "मोबाईलवर तासाला बसा" असे सांगावे लागले. कोकणात आणि सातपुड्यात मुले नेटवर्कसाठी डोंगर चढली. कोणी म्हैस विकून, कोणी दागिना गहाण ठेवून मोबाईल आणला. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होते, ते 2021 मध्ये 67.6 टक्के झाले. हे तीन वर्षांत झाले. आणि ज्या घरात असा मोबाईल प्रथमच आला त्या घरात तो सर्वांत चांगला चालवता येणारा माणूस बहुधा घरातले मूलच होते. आईने विजेचे बिल मुलीकडून भरून घ्यावे, आजोबांनी नातवाला पीक विम्याचा अर्ज भरायला सांगावे. आता जो आपल्याला वाट दाखवतो त्यालाच जपून चाल म्हणावयाचे, हे थोडे अवघडच.

याच संस्थेच्या 2024 च्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या ग्रामीण मुलांना काही प्रश्न विचारले होते. 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असे 57 टक्क्यांनी सांगितले, आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे 76 टक्क्यांनी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला कसे अडवावे किंवा त्याची तक्रार कशी करावी हे ठाऊक असणारी मुले 62 टक्के, आणि आपले खाते परक्यांना दिसणार नाही असे कसे करावे हे ठाऊक असणारी 55 टक्के. राहिलेल्या मुलांना हे शिकवायला एक तास पुरे आहे. कवायतीचा एक तास त्यासाठी खर्च झाला तर फार बिघडणार नाही.

इथे मला विहीर आठवते. इंग्लंडच्या पंतप्रधानांनी 2007 साली टान्या बायरन या मानसशास्त्रज्ञ बाईंना याच विषयाचा अभ्यास करायला सांगितले होते. 2008 च्या मार्चमध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात पोहण्याच्या तलावाचा दाखला आहे. तलावाला कुंपण असते, पाट्या असतात, उथळ भाग असतो, पाहारेकरी असतो. हे सारे असावेच, पण त्याबरोबर मुलांना पोहायलाही शिकवावे लागते, असे त्यांचे म्हणणे. वाचून मला वाटले, बाई आमच्या गावी आल्या असत्या तर त्यांना तलाव शोधावा लागला नसता. आमच्याकडे विहिरीत पडेल म्हणून पोराला कोणी जन्मभर घरात कोंडत नसे. कमरेला वाळका भोपळा बांधावयाचा, चुलता पाण्यात आणि बाप काठावर. पहिल्या दिवशी पोर रडे. पंधरा दिवसांत भोपळा सुटे. पण पाहा, चुलत्याला पोहता येत होते म्हणून हे जमले. मोबाईलच्या बाबतीत आपल्यापैकी पुष्कळ चुलते अजून काठावरच उभे आहेत.

म्हणून आईबापांनी निदान हातपाय मारण्यापुरते शिकावे. मुलाकडूनच शिकले तरी चालेल. त्यात कमीपणा नाही, उलट शिकवता शिकवता ते आपण काय बघतो हे आपोआप सांगून जाते. खेळाच्या किंवा मैत्रीच्या निमित्ताने कोणी अनोळखी माणूस रोज गोड बोलतो, मग फोटो मागतो, आणि "हे घरी सांगू नकोस" म्हणतो, अशी ती वाट असते. शेवटचे वाक्य आले की ओळखावे. एकदा फोटो हाती लागला की धमकी सुरू होते. या वेळी मूल दोन गोष्टींना भिते, एक तो माणूस आणि दुसरे आपण. मोबाईल काढून घेतील, मारतील, मुलगी असेल तर शाळाच बंद करतील, या भीतीने ते गप्प बसते, आणि धमकी देणाऱ्याला नेमके हेच हवे असते. "काही झाले तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही," हे वाक्य संकट येण्यापूर्वी बोलून ठेवलेले असावे, आणि वेळ आली की पाळावे. हे पाळणे फार कठीण आहे, हे मी शिक्षक म्हणून चांगले ओळखतो.

तसा प्रसंग आलाच तर पैसे देऊ नका, आणि संभाषण पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो. 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला. 2023 पासून तो सरकारी यंत्रणेकडे आहे, क्रमांक मात्र तोच, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैशांची फसवणूक असेल तर 1930. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर मुलांविषयीची तक्रार स्वतःचे नाव न देताही करता येते. आणखी एक गोष्ट, जी सज्जन माणसांनाही ठाऊक नसते. मुलाच्या लैंगिक शोषणाचे चित्र कोणाकडून आले तर "बघा काय चालले आहे" म्हणून ते पुढे पाठवणे हाही गुन्हाच आहे. असे चित्र जवळ बाळगण्याविषयीही सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात कडक भूमिका घेतली आहे. ते आपल्या गटात फिरवू नका, तक्रार करा.

कायदे अजून होतच आहेत. आपल्या 2023 च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईबापांची पडताळलेली संमती हवी, असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि तयारीसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांना बंदी केली. तिथे दंड कंपनीला होतो, मुलाला किंवा बापाला नाही. याउलट दक्षिण कोरियाने 2011 साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा संगणकावरचे खेळ बंद केले होते, आणि दहा वर्षांनी तो नियम स्वतःच मोडीत काढला. मुले संगणक सोडून मोबाईलवर खेळू लागली होती आणि नियम मात्र संगणकालाच धरून होता. आमच्या साडेचार फुटांसारखेच हे झाले.

आपल्या राज्यातल्या दोन गावांनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. 2022 च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की, अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये, वापरल्यास 200 रुपये दंड. गावाची कळकळ मला कळते. पण दंडाने मूल लपून वापरायला शिकते, आणि लपून वापरणाऱ्याला कोणी धमकावले तर ते सांगणार कोणाला, ही शंका मनातून जात नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. त्याबरोबर घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करावयाचे, आणि मुलांनी अभ्यासाला, मोठ्यांनी वाचायला किंवा बोलत बसायला लागावयाचे. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक आणि ग्रामपंचायतीची माणसे घरोघर जाऊन सांगू लागली. या बेतात मला आवडते ते असे की, भोंगा मुलांपुरता नाही. बापालाही क्रिकेटचा सामना सोडावा लागतो आणि आईलाही मालिका. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो आणि ज्याला हवे तो आपापला मोबाईल उचलतो.